पावसाळ्यात पॉपओव्हर : डिचोलीच्या घरातल्या अकरा घाण्यांच्या नोंदी

2018 साली मावसबहिणीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा तिने मेन राज्यातल्या अकॅडिया नॅशनल पार्कमध्ये नेले. तिथे जॉर्डन पाँड हाऊसच्या हिरवळीवर चहाबरोबर पॉपओव्हर आले. मुठीपेक्षा मोठे, वर टोपीसारखे फुगलेले, बाहेरून कडक आणि आत चक्क पोकळ. त्या पोकळीत लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जॅम भरून खायचा. तेव्हापासून मनात होते.

गोव्यात पावाला तोटा नाही. पोदेर सकाळ-संध्याकाळ सायकलवर उंडे, पोळी, कातरे पाव, काकणां घेऊन दारात येतो. पॉपओव्हर मात्र घरीच करावा लागतो, कारण ओव्हनमधून काढला की थोड्याच वेळात तो मऊ पडून खाली बसतो. त्यात यीस्ट नाही, सूर (माडी) नाही, सोडा नाही. मैदा, दूध, अंडी, मीठ, एवढेच. म्हणून वाटले, सोपे असेल.

हाताशी 40 लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. सासूबाई अंडे खात नाहीत, त्यामुळे तो पडवीत ठेवला आहे आणि अंड्याची भांडी वेगळी. शिवाय यंदा, म्हणजे 2025 साली, 25 जुलैला श्रावण लागतो. त्यानंतर घरात अंडे येत नाही. म्हणजे हाताशी सात आठवडेही नाहीत.

8 जून, रविवार. घाणा 1

एक कप मैदा, एक कप दूध, दोन अंडी, अर्धा चमचा मीठ, चमचाभर वितळलेले लोणी. पीठ घावनाच्या पिठाइतके पातळ झाले, ते बरोबरच होते. दूध थेट फ्रिजमधले. सहा स्टीलच्या वाट्यांना लोणी लावले, ओव्हनचा काटा 230 अंश सेल्सिअसवर ठेवला आणि दिवा विझल्यावर वाट्या आत सरकवल्या.

35 मिनिटांनी बाहेर काढले तर बोटभर फुगलेले, हाताला जड आणि तळाशी खरवसासारखा ओला थर. एकही वाटीतून सुटला नाही. वाट्या रात्रभर भिजत घालाव्या लागल्या.

11 जून, बुधवार. घाणा 2

दूध कोमट घेतले. वाट्या लोणी घालून आधी पाच मिनिटे ओव्हनमध्ये तापवल्या. बाराव्या मिनिटाला पीठ कडेने वर चढू लागले. पंधराव्या मिनिटाला मी दार उघडले, कारण मागच्या वाट्या जास्त तांबूस दिसत होत्या आणि ट्रे फिरवायचा होता. डोळ्यांदेखत सहाच्या सहा बसले. दार लावून पुन्हा वीस मिनिटे ठेवले, उठले नाहीत.

त्या वेळी भिंती अजून ओल्या असतात, त्यांना नुसती आतली वाफ धरून ठेवते. गार हवा आत शिरली की वाफेचा जोर जातो आणि भिंती आपल्या वजनाने खाली येतात. पहिली 25 मिनिटे दाराला हात लावायचा नाही. हे आधी वाचले होते, तरी उघडले.

14 जून, शनिवार. घाणा 3

वाट्या पातळ आहेत, उष्णता धरत नाहीत, असे वाटून बिडाचे अप्पेपात्र घेतले. अप्पे झाले. चवीला चांगले, पण खळगा उथळ आणि गोल असल्यामुळे पीठ वर चढण्याऐवजी बाहेर पसरले. साचा खोल आणि उभ्या कडांचाच हवा.

15 जून, रविवार. घाणा 4

एका मैत्रिणीने पाव चमचा बेकिंग पावडर सुचवली. घातली. घरच्यांनी केक म्हणून आवडीने खाल्ले, आणि आत सगळीकडे केकसारखीच बारीक जाळी होती, पोकळी कुठेच नाही. पुरी फुगते ती दोन पापुद्र्यांत वाफ कोंडली जाते म्हणून. पिठात आधीच हजार बुडबुडे असतील तर वाफ त्यांच्यातच वाटली जाते. बेकिंग पावडर कायमची बाद.

18 जून, बुधवार. भाजणे नाही, फक्त मोजणे

चार घाण्यांत मी दर वेळी काहीतरी बदलले, पण मोजले काहीच नव्हते. ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर मागवला होता (420 रुपये), तो आज आला. काटा 230 वर ठेवून मुलीने दर पाच मिनिटांनी आकडे वहीत उतरवले:

10 मिनिटे – 160
15 मिनिटे – 185
20 मिनिटे – 205
30 मिनिटे – 225

दिवा विझला तो अकराव्या मिनिटाला! म्हणजे आतापर्यंतचे चारही घाणे 170च्या आसपास आत गेले होते. पहिल्या दिवशीच्या खरवसाचे कारण इथे सापडले. मग 225 वर असताना दार मुद्दाम अर्धा मिनिट उघडे ठेवून पाहिले. आकडा 190 वर आला आणि परत वर जायला सहा मिनिटे लागली.

दुसरे मोजमाप अंड्यांचे. अमेरिकन कृतीत 'लार्ज' अंडे म्हणतात ते कवच काढून साधारण 50 ग्रॅमचे धरतात. आमच्या दुकानातली तीन अंडी फोडून वजन केली: 42, 44, 41. दोन अंड्यांत 15 ग्रॅमची तूट. पॉपओव्हरच्या भिंती उभ्या राहतात त्या मुख्यतः अंड्याच्या जोरावर, त्यामुळे ही तूट लहान नाही. यापुढे कप आणि नग बंद, सगळे वजनकाट्यावर: मैदा 120 ग्रॅम, दूध 240, अंडी 120 ते 125. म्हणजे साधारण आपली तीन अंडी. मीठ 3 ग्रॅम.

दुसऱ्या कोणाला हे करायचे असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, पहिल्या घाण्याच्या आधी थर्मामीटर घ्या. मी चार घाणे आणि दहा दिवस आधी घालवले.

20 जून, शुक्रवार. म्हापसा

शुक्रवारच्या बाजाराला गेले. पॉपओव्हरचा ट्रे इकडे मिळत नाही आणि बाहेरून मागवायचा तर फार महाग. भांड्यांच्या गल्लीत ॲल्युमिनियमचे कॅरॅमल पुडिंगचे सुटे साचे मिळाले. गोव्यात हे पुडिंग घरोघरी होते, त्यामुळे साचे तीन आकारांत होते. पाणी भरून पाहिले, 150 मिली मावणारे, 6 सेंटिमीटर खोल, कडा जवळजवळ उभ्या. सहा घेतले, 55 रुपयांना एक, एकूण 330. त्याहून पातळ पत्र्याचे 35 रुपयांना होते. ते दोन बोटांत दाबले की वाकत होते, म्हणून सोडले.

22 जून, रविवार. घाणा 5

ओव्हन पूर्ण 30 मिनिटे तापवला. प्रत्येक साच्यात अर्धा चमचा लोणी घालून पाच मिनिटे आत ठेवले. लोणी करपले, पडवीभर धूर झाला आणि सासूबाईंना ठसका लागला. लोण्यातला दुधाचा अंश इतक्या आचेवर जळतोच. पीठ ओतेपर्यंत साच्यांच्या तळाशी काळे कण जमले होते, ते पॉपओव्हरला चिकटले आणि कडवट लागले. पण फुगले! साच्याच्या काठावर दोन बोटे. साच्यांतून सुटलेही, चाकू कडेने एकदा फिरवल्यावर.

पुढच्या वेळी तूप. कढवताना त्यातला दुधाचा अंश बेरी होऊन निघून जातो, म्हणून ते एवढी आच सोसते.

25 जून, बुधवार. घाणा 6

तूप घातले, धूर नाही. बाराव्या मिनिटाला वीज गेली. चाळीस मिनिटांनी आली. पीठ आणि तीन अंडी वाया. दार उघडले नाही तर उरलेल्या उष्णतेवर होतील अशी आशा होती, पण ओव्हनचा पत्रा इतका वेळ उष्णता धरत नाही. पावसाळ्यात वारा सुटलेला असताना हे काम काढू नये.

29 जून, रविवार. घाणा 7

सगळे नियमाप्रमाणे. थर्मामीटर 225, साचे तापलेले, तूप, वजनाने घेतलेली अंडी. दोन बोटे फुगून वरच्या रॉडजवळ गेले आणि 22व्या मिनिटाला माथा काळा झाला. तरी खालचा तिसरा हिस्सा पांढरट आणि मऊ. बाहेर काढल्यावर कमरेत बसले. पीठ जास्त झाले असावे असे समजून मी पुढच्या वेळी साचे कमी भरायचे ठरवले.

1 जुलै, मंगळवार

परवाचा एक पॉपओव्हर उभा कापून फ्रिजमध्ये ठेवला होता. संध्याकाळी पोदेर आला तेव्हा त्याला दाखवला. त्याच्या घरची लाकडावरची भट्टी आहे, वडिलांपासूनचे काम. त्याने माथ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सायकल मांडीला टेकवून उभा राहिला, तुकडा उलटा केला, तळ अंगठ्याने दाबला. अंगठा रुतला. मग म्हणाला, "वयनी, भट्टीचो तळ तापूंक जाय, माथो न्हय." (तळ तापायला हवा, माथा नव्हे.)

त्याच्या भट्टीत लाकूड आतच जाळतात, निखारे बाजूला ओढतात आणि पाव तापलेल्या जमिनीवर सरकवतात. माझ्या ओव्हनला जमीनच नाही. जाळीवर ट्रे, ट्रेवर साचे, मध्ये हवा. थर्मामीटर 225 दाखवत होता ती मधल्या जाळीवरच्या हवेची. साच्याचा बूड किती तापला हे मी कधी पाहिलेच नव्हते. तीन आठवडे पिठाच्या मागे लागले होते आणि दोष पिठाखाली होता.

5 जुलै, शनिवार. घाणा 8

माहेरून आणलेला पोळ्यांचा बिडाचा तवा आहे, 27 सेंटिमीटरचा, दांडा नसलेला. तो सर्वांत खालच्या खाचेतल्या जाळीवर ठेवला. दोन्ही रॉड लावून 35 मिनिटे तापवला. शेवटची दहा मिनिटे साचे अर्धा-अर्धा चमचा तूप घालून तव्यावरच. पीठ चोचीच्या मगमध्ये घेतले. दार उघडून सहा साचे निम्म्यापर्यंत भरले, दार लावेपर्यंत 25 सेकंद, मुलीने मोजून सांगितले. पीठ पडताच प्रत्येक साच्यातून चर्र आवाज आला. हा आवाज आधी कधीच आला नव्हता. मग वरचा रॉड बंद, फक्त खालचा चालू.

काचेसमोर स्टूल घेऊन बसले. सातव्या मिनिटापर्यंत काही नाही, नुसती कडेला तुपाची फेसाळ रेघ. नवव्या मिनिटाला कडा वर उचलल्या आणि मधोमध खळगा राहिला. अकराव्याला खळगा आतून कोणी ढकलावा तसा बाहेर आला, साल ताणून चकचकीत झाली, मग एका बाजूला फाटली आणि फटीतून पिवळे ओले पीठ वर चढून माथा तिरका झाला. सहाही वेगवेगळ्या दिशांना कललेले. सासूबाई आतून येऊन पाठीमागे उभ्या होत्या, मला कळलेही नाही. "अगो, हे तर चढतंच आहे," एवढेच म्हणाल्या.

20 मिनिटांनी काटा 175 वर आणला, आणखी 15 मिनिटे ठेवले. बाहेर काढून नखाने तळावर टकटक केले तर करवंटीसारखा पोकळ आवाज. कापल्यावर आत मोठी गुहा, भिंतींना लागून मऊ, रेशमी पदर. साच्याच्या काठावर साडेचार सेंटिमीटर उंची. मांगाड (आंब्याचा जॅम) आणि लोणी घालून पहिला मुलीला दिला.

आता अडचण. दहाव्या मिनिटाला उरलेले चार मऊ पडले आणि पंधराव्याला साल चामट झाली. बाहेर संततधार चालू होती.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी. ओव्हन बंद.

12 जुलै, शनिवार. घाणा 9

आज फक्त मऊ पडण्याचा बंदोबस्त. ओव्हनमध्ये फुगवते तीच वाफ बाहेर आल्यावर आत अडकून साल भिजवते, आणि आपल्याकडे जुलैत बाहेरची हवाही ओलावा शोषून घ्यायला तयार नसते. म्हणून 33व्या मिनिटाला तिघांना बाजूने, खालच्या अर्ध्या भागात, चाकूच्या टोकाने बारीक चीर दिली. माथ्यावर देऊ नये, तिथून फाटत जाते. तिघे तसेच ठेवले. ओव्हन बंद करून दारात लाकडी पळी अडकवली आणि सहाही आठ मिनिटे आतच राहू दिले.

चीर दिलेल्यांतून वाफेची सरळ रेघ निघाली, दोन मिनिटे दिसत होती. बाहेर काढून लगेच साच्यांतून सोडवले आणि जाळीवर उभे केले. बिनचिरीचे बाराव्या मिनिटाला मऊ. चिरीचे अर्धा तास कुरकुरीत राहिले, बाहेर पाऊस चालू असताना. आतला मऊ पदर मात्र थोडा वाळतो. ज्यांना आतून ओलसर आवडतो त्यांनी आठऐवजी चार मिनिटे ठेवावे आणि लगेच वाढावे. मला स्वतःला कडक साल जास्त महत्त्वाची वाटते, तिच्याशिवाय पॉपओव्हर खाण्यात अर्थ नाही.

आणखी एक चूक टिपून ठेवते. चार दिवसांपूर्वी उघडलेले मैद्याचे पाकीट डब्यात न भरता ओट्यावर राहिले होते. आज गुठळ्या निघाल्या, चाळून घ्यावा लागला. या दिवसांत मैदा आणि मीठ दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात हवेत.

13 जुलै, रविवार. घाणा 10

पीठ आधी भिजवून ठेवावे की नाही हे पाहिले. निम्मे पीठ तासभर आधी कालवून ठेवले, निम्मे ऐनवेळी. तीन-तीन साचे, एकाच तव्यावर. ठेवलेले अर्ध्या बोटाने उंच झाले आणि सारखे फुगले. ऐनवेळचे वाकडेतिकडे, आतल्या पदराला किंचित कच्च्या मैद्याची चव. फरक आहे, पण तव्यामुळे पडला तेवढा मोठा नाही. घाईत असाल तर हा तास सोडा, तवा तापवायची 35 मिनिटे सोडू नका.

पिठात बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. मी पहिल्या काही घाण्यांत मिक्सर फिरवला होता. आता हाताच्या रवीने मिनिटभर घुसळते, बस्स.

20 जुलै, रविवार. घाणा 11

ताई आणि भाचे जेवायला. साडेअकराला तवा आत, सव्वाबाराला पहिला पॉपओव्हर ताटात येईल असा हिशेब केला होता. प्रत्यक्षात पीठ ओतल्यावर भाजणे आणि सुकवणे मिळून 41 मिनिटे लागतात, हे मी त्या हिशेबात धरलेच नव्हते. आले ते पावणेएकला. सहाही उभे राहिले. भाच्यांसाठी दोघांत रस्सा भरला, बाकी लोणी आणि मांगाड. रस्सा आत टिकतो, पण पाच मिनिटांत तळ भिजतो, तेव्हा ताटातच भरावा.

पक्के झालेले वेळापत्रक: पीठ तासभर आधी. तवा 35 मिनिटे, दोन्ही रॉड. साचे तुपासकट शेवटची 10 मिनिटे. पीठ ओतून वरचा रॉड बंद. 230 वर 20 मिनिटे, 175 वर 13. चीर. ओव्हन बंद, दारात पळी, 8 मिनिटे.

24 जुलै, गुरुवार

आज अमावास्या, उद्यापासून श्रावण. साचे गरम पाण्यात धुऊन, पुसून, मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटे कोरडे केले. घासणीने घासलेले नाहीत. आतून जो तांबूस थर आला आहे त्यामुळेच आता पॉपओव्हर चाकू न लावता सुटतात. तुपाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. तवा गरम पाण्याने नीट धुऊन, पुन्हा तेल लावून पोळ्यांसाठी स्वयंपाकघरात परत.

हिशेब: अकरा घाणे, 29 अंडी (8 रुपयांना एक, 232), थर्मामीटर 420, साचे 330. मैदा, दूध, तूप धरून तेराशेच्या आसपास. खाण्याजोगे घाणे सहा, त्यांतले मनासारखे तीन.

एक गोष्ट राहिली आहे. तव्यावर मागच्या डाव्या कोपऱ्यातला साचा दर वेळी इतरांपेक्षा तीन-चार मिनिटे आधी तांबूस होतो. रॉड तिथे तव्याला जवळ आहे की ओव्हनच उजवीकडे कलला आहे, ते पडवीची फरशी पाणसळीने पाहिल्याशिवाय कळणार नाही. चतुर्थी झाल्यावर पहिले काम ते.